थिअरीत पहिली, ड्रॉइंगमध्ये मागे

*नमस्कार मावशी,*

*मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बारावी आर्ट्सला इतिहास आणि मराठी हे माझे आवडते विषय होते. प्रवेश परीक्षा देऊन घरापासून चारशे किलोमीटरवरच्या एका कला महाविद्यालयात बी. एफ. ए.ला लागले. आता दुसरं वर्ष आहे, इलस्ट्रेशन (मजकुरासाठी चित्रं काढणं) घेतलंय. सोबत कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, समाजशास्त्र असे पेपर असतात. बाकीचे ते पासिंगपुरते करतात. मला तेच जास्त आवडतात आणि त्यात मी वर्गात पहिली येते. ड्रॉइंगमध्ये मात्र मागे.*

*मागच्या महिन्यात 'आपल्याकडचा सण' असं असाइनमेंट होतं. मी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण घेतला. चार पानी टिपणाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले, चित्राला दहापैकी चार. ज्युरीत एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू बी. ए.ला जायला हवं होतंस, चुकून इकडे आलीस." तेव्हापासून कागदासमोर बसलं की हात आखडतो. बऱ्याच जणांकडे आयपॅड आहेत, माझ्याकडे पोस्टर कलर. संदर्भाची पुस्तकं सगळी इंग्रजीत. बाबा केळीच्या पैशातून होस्टेल भरतात आणि फोनवर दर वेळी विचारतात, "ह्याचं पुढे काय?" सोडून देऊन जळगावला बी. ए. करू का? टिपण आणि चित्र, दोन्हीचे फोटो पाठवतेय.*

*– कानबाईवाली*

कानबाईवाली पोरी,

तुझं पत्र मी एकदा वाचलं आणि फोटो तीनदा पाहिले.

आधी टिपण. नैवेद्याच्या रोटाचं दळण काढताना घरातल्या माणसांवरून सव्वाचं माप कसं ठरतं, ते तू लिहिलंयस. रविवारी रात्री कानबाई चौरंगावर बसली की आळीतल्या बाया गाण्यांवर रात्र काढतात आणि पहाटेपर्यंत एकीचा तरी आवाज बसतोच, हेही आहे. आणि ते शेवटचं: सोमवारी सकाळी सगळे कानबाई घेऊन नदीकडे निघतात, गुडघ्यांमुळे आजीला जाता येत नाही, ती दारातून परत फिरते आणि रिकाम्या चौरंगाखालची सांडलेली हळद पदराने पुसून घेते. ह्या एका वाक्यासाठी मी तुला पैकीच्या पैकी दिले असते.

मग चित्र पाहिलं. कानबाई मधोमध, समोरून. दोन बाजूंना दोन समया, वर आंब्याच्या पानांचं तोरण, मागे पिवळा रंग. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर असतं तसं. आजी नाही, दळण नाही, जागलेल्या बाया नाहीत, हळदही नाही. सरांनी दिलेले चार मार्क मला तरी जास्तच वाटले. रागावू नकोस, पुढचं वाच.

सरांनी चित्राबद्दल जे म्हटलं ते बरोबर आहे. त्यावरून तुझ्याबद्दल जे म्हटलं ते चूक आहे. टिपण लिहिताना तू घरात उभी होतीस आणि चित्र काढताना कॅलेंडरसमोर. तुला जे ठाऊक आहे ते हातापर्यंत पोचलंच नाही. ते पोचवायचं, त्यालाच तर इलस्ट्रेशन म्हणतात. जळगावला जाऊन बी. ए. केलंस तर अशी आणखी पन्नास टिपणं लिहिशील आणि चांगली लिहिशील. पण 'आता ह्याचं चित्र दाखव' असं तुला तिथे कुणी म्हणणार नाही. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: सोडू नकोस. निदान ह्या कारणासाठी तर नाहीच.

तुझ्या वर्गातले 'थिअरी पासिंगपुरती' म्हणणारे आहेत ना, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्या जळगावपासून साठ-एक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या दहाव्या लेण्यात छद्दंत जातक, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्मांतली एक गोष्ट, रंगवलंय. रंग उडालेत, भिंतीवर ओरखडे आहेत, १८१९ साली वाघाच्या मागावर आलेल्या जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव खरवडून ठेवलं तेही ह्याच लेण्यात. चित्रात एक राणी कोसळलेली दिसते, भोवती माणसं धावतात. गोष्ट माहीत नसलेला पाहुणा म्हणतो, राणी आजारी असेल, आणि पुढे सरकतो. गोष्ट अशी आहे की सहा सुळ्यांच्या हत्तीवर ह्या राणीचा मागच्या जन्मापासून राग. त्या जन्मी ती त्याचीच हत्तीण होती. ती शिकाऱ्याला सुळे आणायला पाठवते. हत्ती त्या शिकाऱ्याला मारत नाही, उलट स्वतःचे सुळे कापायला मदत करतो. सुळे राणीसमोर येतात आणि ते पाहून तिला भोवळ येते. आता सांग, चितारणाऱ्याने कोणता क्षण निवडला? सूड पुरा झाला तो नाही. आपण काय केलं हे कळलं, तो. हा क्षण निवडायला गोष्ट नुसती ऐकून भागत नाही, ती कुठे दुखते ते कळावं लागतं. तुझ्या समाजशास्त्राच्या आणि सौंदर्यशास्त्राच्या पेपरांचा उपयोग मला तरी एवढाच दिसतो, आणि तो थोडका नाही.

अजिंठ्याची आणखी एक गंमत. तिथे गोष्ट पुष्कळदा काळाच्या क्रमाने पुढे जातच नाही. राजवाड्यातले प्रसंग एकीकडे, रानातले एकीकडे, अशी ती जागेवरून लावलेली असते. तेच पात्र त्याच भिंतीवर दोन-चारदा भेटतं, मध्ये एखादा खांब किंवा दार आलं की समजायचं, प्रसंग बदलला. हे मला शिकत असताना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे एका गोष्टीच्या पुस्तकात एकाच पानावर सकाळ, दुपार आणि संध्याकाळ दाखवायची होती आणि मी आठवडाभर अडून बसले होते. उत्तर सतराव्या लेण्याच्या भिंतीवर दीड हजार वर्षांपासून होतं.

पण नुसतं वाचून हात येत नाही, हेही तेवढंच खरं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याचशा नकला पुढे लंडनला आगीत गेल्या. पण अंधाऱ्या लेण्यात बसून हातांनी जी रेघ शिकून घेतली, ती काही जळाली नसणार.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुझं चार मार्कांचं दुःख जरा हलकं होईल. मी शिकून नुकतीच बाहेर पडले होते. एका प्रकाशनाकडून लहान मुलांच्या गोष्टीचं काम आलं, त्यात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. रेखाटनात मी तेव्हा वर्गात दुसरी आलेली, त्यामुळे ताठा होता. छान लयदार बाया काढल्या, प्रत्येकीच्या कमरेवर टोपली दिली. पुस्तक छापून आलं, घरी नेलं. आईने पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "ह्या बाया कापूस येची राहिन्यात का भाजी इकी राहिन्यात?" कापूस वेचताना दोन्ही हात मोकळे लागतात. कमरेला फडक्याची झोळी बांधतात. साडीवर घरातल्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडून निघतात. हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं. हात सुबक होता, पण त्यात माझं गाव नव्हतं. तुझी चूक आणि माझी चूक एकाच कुळातली. फरक इतकाच की तू ती दुसऱ्या वर्षाला केलीस आणि मी हजारो प्रती छापून झाल्यावर.

तेव्हा पहिलं काम. कानबाई परत काढ. कुणाला दाखवायला नको, मार्कांसाठी नको. तुझ्याच टिपणातली बारा वाक्यं निवड आणि काड्यापेटीएवढ्या बारा चौकटी आख. एका चौकटीत एक वाक्य. अट एकच, कानबाई समोरून काढायची नाही. पाठमोरी चालेल, डोक्यावर नेताना खालून दिसलेली चालेल, नुसता रिकामा चौरंग चालेल. पेन्सिल बोथट घे, म्हणजे नाकडोळे काढता येणार नाहीत. बारा झाल्या की त्यातली एक तुला स्वतःलाच बोलावेल. तीच मोठी कर. माझी पैज त्या हळद पुसणाऱ्या हातावर आहे, पण तू तुझं बघ.

दुसरं, हात आखडतो म्हणालीस. चित्राच्या फोटोवरून मला वाटतं, तू मोबाइलमध्ये बघून, बाहेरची कड हळूहळू आखत काढतेस. तशी माणसं लाकडी होतात. रोज अर्धा तास हलणाऱ्या माणसांसमोर बस. मिनिटभरात एक माणूस काढायचा, खोडरबर होस्टेलला ठेवून जायचं. पाठीचा बाक आणि वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच पकडायचं. तिथल्या शहरात तुला बसस्टँड मिळेल, मंडई मिळेल. सुट्टीत घरी आलीस की बाबांच्या बागेत केळी कापणीला उभी राहा. घड खांद्यावर घेऊन ओल्या सऱ्यांतून ट्रकपर्यंत जाणारा माणूस कसा चालतो, ते कुठल्याच ॲनाटॉमीच्या पुस्तकात नाही. पहिल्या शंभर चित्रांची तुला लाज वाटेल. फाडू नकोस, तारीख टाकून ठेव.

आयपॅडचं फार मनावर घेऊ नकोस. पुढे काम मिळवताना डिजिटल यावंच लागेल, त्यात शंका नाही. पण कॉलेजच्या लॅबमध्ये जे मशीन असेल त्यावर तिसऱ्या वर्षात शिकलीस तरी चालतं. ज्याची कागदावरची रफ रेखाटनं कच्ची, त्याचं पडद्यावरचं चित्र गुळगुळीत आणि कच्चं होतं, एवढाच काय तो बदल.

इंग्रजीचं दुखणं मात्र खरं आहे, त्याला हसण्यावारी नेणार नाही. पहिल्या वर्षी मी 'कॉम्पोझिशन' ह्या शब्दाचं स्पेलिंग पाठ करण्यात जेवढा वेळ घालवला तेवढ्यात चार कॉम्पोझिशनं झाली असती. मला सापडलेली वाट अशी: विषय आधी मराठीत समजून घ्यायचा, मग इंग्रजी पुस्तक उघडायचं. मराठी विश्वकोशात दृश्यकलांवर पुष्कळ नोंदी आहेत, आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ज्यांनी तो विश्वकोश उभा केला ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळ आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. म्हणजे घरचंच समज. आणि थिअरीच्या वहीत नुसत्या ओळी लिहू नकोस. डाव्या पानावर टिपण, उजव्या पानावर त्याचं छोटं चित्र. गॉथिक कमान वाचलीस की कमान काढ, मुघल लघुचित्र वाचलंस की त्यातला एक कोपरा काढ. तुझ्या चांगल्या विषयाने तुझ्या कच्च्या विषयाला हात धरून चालवायचं, असा हा साधा डाव आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री ही वही किती कामाला येते, ते तूच मला कळवशील.

बी. ए.ची हौस मनात राहिलीच असेल तर कॉलेज सोडायची गरज नाही. २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, त्यातली एक दूरशिक्षणाची असली तरी चालते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. करता येईल. आधी तुझ्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे, त्यांचे नियम वेगळे असू शकतात. पण माझं ऐकशील तर ह्या वर्षी नको. आत्ता तू बी. ए.कडे जाशील ती आवडीने नाही, त्या सरांच्या वाक्याला भिऊन जाशील. वर्षभर हात चालव. तरीही इतिहास हाक मारत राहिला तर खुशाल फॉर्म भर. किंवा थांब आणि बी. एफ. ए. संपल्यावर कलेच्या इतिहासात एम. ए.कडे वळ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत कलेतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. तुला तर ते सोयीचं: अमळनेरला गाडीत बसायचं, नंदुरबारवरून सुरत, तिथून बडोदा. मुंबई-पुण्याची वाट आपल्याला उगाच जवळची वाटते.

आणि अमळनेरचं नाव निघालंच आहे म्हणून. ज्या गावात श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, जिथे साने गुरुजी तत्त्वज्ञान शिकायला आले आणि पुढे मास्तर झाले, त्या गावाच्या शेजारच्या तालुक्यातली पोरगी 'मानव्यविद्या शिकून काय होणार' ह्या प्रश्नाने घाबरते, ह्याची मला जरा गंमत वाटते.

आता बाबा. त्यांना शिल्पकार राम सुतारांचं उदाहरण देऊ नकोस. गोंदूरचा मुलगा जे. जे.ला गेला, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांवर काम केलं आणि पुढे जगातला सर्वांत उंच पुतळा घडवला, हे सगळं खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण ते ऐकून बाप म्हणतो, "तो एक, बाकीच्यांचं काय?" आणि त्याचं काही चूक नाही. वादळात एका रात्रीत बाग आडवी होताना ज्याने पाहिली आहे, त्याला स्वप्न सांगून उपयोग नाही, हिशेब सांगावा लागतो.

म्हणून हिशेब सांग. पाठ्यपुस्तकं, मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांसाठी साहित्य करणाऱ्या संस्था, ॲनिमेशन, गेम, जाहिरात, इतकी कामाची ठिकाणं आहेत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं ओढाताणीची जातात. मी त्या काळात शाळेत चित्रकला शिकवली आणि रात्री चित्रं काढली. वसंत सरवटे बरीच वर्षं सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते, आणि मराठीतली उत्तमोत्तम रेखाटनं त्यांच्या हातची. जोडधंदा करणं म्हणजे कलेशी बेइमानी, असं तुला कॉलेजात कुणी सांगितलं तर त्याच्या घरचं भाडं कोण भरतं ते आधी विचार. बाबांना म्हण, तुम्ही केळीची मृगबाग आणि कांदेबाग, दोन्ही हंगामांतली लागवड करता, एकीला भाव पडला तर दुसरी सावरते, मीही तसंच करणार आहे. आणि दर सहा महिन्यांनी खर्च किती झाला, त्यात काय शिकले, एखादं छोटं काम मिळालं का, हे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. चित्र नाही दाखवलंस तरी चालेल, कागद दे.

काम मिळायला लागलं की एक लक्षात ठेव, कारण हे कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचे हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याचेच धरले जाऊ शकतात, म्हणून ते आधीच लेखी ठरवून घे. तुझ्याकडे असलेले हक्क मात्र कुणालाही तोंडी जात नाहीत, ते लेखीच द्यावे लागतात. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. 'कायमस्वरूपी सर्व हक्क' असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी एक रात्र मध्ये जाऊ दे. मी जाऊ दिली नव्हती. त्या टोपलीवाल्या बाया अजून माझ्या नावाशिवाय छापून येतात. पण त्याचं फार वाईट वाटत नाही, कारण टोपल्या चुकीच्याच होत्या!

त्या सरांचं काय करायचं, ते तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते तीन ठिकाणी डोकावतात. बारा चौकटी आणि त्यातून केलेलं मोठं चित्र झालं की त्यांच्याकडेच घेऊन जा. भांडायला नाही. "सर, टिपणातलं चित्रात आणायचा प्रयत्न केलाय, कुठे कमी पडतंय ते सांगा," एवढंच म्हण. चित्राला चार मार्क देणाऱ्या माणसाला चित्र कळत असण्याची शक्यता असते. टोमणा मारण्याची सवय वाईट, पण नजर कदाचित चांगली असेल. नजर घे, टोमणा तिथेच ठेवून ये.

दिवाळीच्या सुट्टीत घरी येशीलच. तेव्हा कापसाची वेचणी जोरात असते, शेतात एक सकाळ घालव आणि झोळ्या नीट बघून घे. धुळ्याला जाणं झालं तर राजवाडे संशोधन मंडळात जा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं काम पुढे चालावं म्हणून १९२७ साली ते सुरू झालं. जुनी हस्तलिखितं कशी दिसतात, लेखणीने कागदावर जागा कशी सोडली आहे, ते नुसतं पाहिलंस तरी पुस्तकाचं पान मांडताना उपयोगी पडेल. आणि आजीला घेऊन एकदा अजिंठ्याला जा. जळगावहून एस. टी. आहे, फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचं. दहाव्या लेण्यातल्या राणीची गोष्ट आजीला सांग, आणि ती ऐकताना आजी कशी बसली होती ते वहीत काढून मला पाठव. पायऱ्या बऱ्याच आहेत, तिच्या गुडघ्यांचं विचारून घे. सोमवारी जाऊ नकोस, लेणी बंद असतात.

– तुझी मावशी